स्ट्रॅप ज्याचा त्यालाच सोडता आला पाहिजे
वाचकांचे प्रश्न: पॅरा रोइंग आणि सेफ्टी

मागच्या अंकात आम्ही पॅरा रोइंगमधल्या, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या वल्हवण्याच्या खेळातल्या, सेफ्टीबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, आणि मेल, व्हॉट्सॲप, हाताने लिहिलेली पत्रं असं सगळं आलं, त्यात खेळाडूंपेक्षा घरच्यांचीच जास्त. नारायणा कोंगनापल्ले आणि अनिता या जोडीने २०२३ मध्ये हांगझोच्या एशियन पॅरा गेम्समध्ये सिल्व्हर मिळवलं, पुढच्या वर्षी दोघं पॅरिस पॅरालिम्पिकला उतरले, तेव्हापासून आपल्याकडे चौकशी वाढलीये आणि त्याचा मनापासून आनंद आहे. पण खेळ वाढतो तेव्हा सामान कुठून तरी येतं, कुठेतरी जुळवलं जातं, आणि ते नीट तपासणारं माणूस प्रत्येक ठिकाणी असतंच असं नाही. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त हेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला बाईक अपघातात मणक्याला मार बसला, कमरेपासून खाली काहीच जाणवत नाही. आता तो रोइंग शिकतोय आणि खूप खूश आहे. पण बोटीत त्याला छातीला आणि मांड्यांना पट्ट्याने बांधतात. आई रोज विचारते, बोट पलटी झाली तर हा सुटणार कसा? मला उत्तर देता येत नाही. — एक ताई, पिंपरी

उत्तर: ताई, आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि तो तसाच्या तसा कोचना विचारा, कुणी हसलं किंवा "काही होत नाही हो" म्हणालं तर अजून जोरात विचारा.

आधी बांधतात का ते सांगते. पॅरा रोइंगमध्ये तीन गट आहेत. पीआर ३ म्हणजे पाय, धड, हात तिन्ही वापरू शकणारे, पीआर २ म्हणजे धड आणि हात, आणि पीआर १ म्हणजे फक्त खांदे आणि हात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा भाऊ बहुतेक पीआर १ मध्ये येईल, अर्थात ते क्लासिफिकेशनवाले तपासून ठरवतात. या गटात सीट सरकत नाही, फिक्स असते, पाठीला टेकू असतो आणि छातीचा पट्टा त्याला त्या टेकूशी धरून ठेवतो. पोटाचे स्नायू काम करत नसले की वल्हं ओढताना माणूस पुढे कोसळतो, त्यामुळे पट्टा नसेल तर तो वल्हवूच शकणार नाही आणि उलट जास्त धोक्यात येईल. म्हणजे पट्टा हवाच. तो सुटतो कसा, सगळं त्यावर आहे.

वर्ल्ड रोइंग या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम यात अगदी स्पष्ट आहे. पट्टा न ताणला जाणारा असावा, किमान ५० मिलिमीटर रुंद असावा, त्याला कुठलंही मेकॅनिकल बक्कल नको, आणि हाताच्या एका झटक्यात तो लगेच सुटला पाहिजे. ज्यांची बोटं काम करत नाहीत आणि हात वल्ह्याला बांधावा लागतो त्यांचा तो हाताचा पट्टा तोंडाने एका झटक्यात सुटला पाहिजे. एवढं असूनही मी क्लबांमध्ये ट्रॅव्हल बॅगेचे क्लिप बक्कल पाहिलेत, गाडीच्या कॅरियरवर सामान आवळायचे पट्टे पाहिलेत, गाठ मारलेली नाडी पाहिलीये. हे कुणी वाईट हेतूने करत नाही, जे हाताशी आहे ते वापरतात, पण ताणाखाली असलेलं बक्कल पाण्यात, उलटं लटकलेलं असताना, घाबरलेल्या हाताने उघडणं फार अवघड असतं.

वेल्क्रो आहे म्हणजे झालं असंही नाही. भावाचा पट्टा हातात घेऊन नीट बघा. पुष्कळ पट्टे एका बाजूच्या कडीतून ओवून परत स्वतःवरच चिकटवलेले असतात. जमिनीवर तो फर्रकन उघडतो आणि सगळे खूश होतात, पण उघडल्यावर पट्ट्याचं टोक त्या कडीतून मागे सरकून बाहेर यायला लागतं ना, आणि टोकाला जाड शिलाई असली किंवा पकडायला लूप शिवलेला असला की ते नेमकं कडीत अडकतं. वेल्क्रो सुटलेलं असतं, माणूस अजून अडकलेलाच असतो. म्हणून कडीतून ओवलेला पट्टा नकोच. दोन मोकळे भाग समोर येऊन एकमेकांवर चिकटणारे हवेत, ओढलं की दोन्हीकडे पूर्ण मोकळं. आणि ओढायचं टोक एवढं लांब हवं की बघायला न लागता मुठीत येईल, रंगही कपड्यांपेक्षा वेगळा, भडक असलेला बरा.

वेल्क्रोच्या काट्यांमध्ये केस, धागे, शेवाळ बसतं आणि पकड कमी होते, मग कोणीतरी "सुटतोय सारखा" म्हणून वरून सेफ्टी पिन लावतं किंवा चिकटपट्टी गुंडाळतं. असं दिसलं तर त्या दिवशी बोट पाण्यात जाऊ देऊ नका. नवीन वेल्क्रो शिवून घ्यायला फार खर्च येत नाही.

आता सुटण्याची प्रॅक्टिस. आधी जमिनीवर सीटवर बसून डोळे मिटून, उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग हात ओले करून. हे अगदी सहज जमायला लागलं की स्विमिंग पूलमध्ये, दोन्ही बाजूंना पाण्यात उभी असलेली दोन माणसं, भावाने आधी ठरवलेली खूण की आता मला बाहेर काढा, आणि मग बोट खरोखर उलटी करायची. रोज वापरतो तेच कपडे, तेच जॅकेट, तेच पट्टे. पट्टे कुठल्या क्रमाने सोडायचे ते कोचबरोबर ठरवून कायम तोच क्रम ठेवायचा. माझं मत विचाराल तर आधी मांडीचा आणि शेवटी छातीचा. छातीचा आधी सोडला की धड बोटीपासून लांब जातं, पोटात ताकद नसल्याने ते परत वर ओढता येत नाही, आणि मग मांडीच्या पट्ट्यापर्यंत हात पोचत नाही. पूलमध्ये हे एकदा करून पाहिलं की वाद घालायची गरज उरत नाही. एखाद्याच्या हाताची पोच वेगळी असेल तर क्रम वेगळा निघेल, पण तो पाण्यात तपासलेला हवा. दर सीझनच्या सुरुवातीला आणि पट्टा, सीट किंवा जॅकेट बदललं की परत हीच टेस्ट.

आणि आईंना त्या दिवशी पूलवर घेऊन जा. भाऊ उलट्या बोटीखालून स्वतः बाहेर येताना त्यांनी बघितला की रोजचा प्रश्न कमी होईल, निदान रात्रीची झोप तरी लागेल.

प्रश्न: आमच्या ग्रुपला एका क्लबकडून वापरलेली पीआर १ सिंगल बोट मिळालीये, दोन्ही बाजूंना पाँटून (बोट कलंडू नये म्हणून लावलेले तरंगते) आहेत. उतरवायच्या आधी काय काय बघायचं? — स्वयंसेवक, नाशिक

उत्तर: पहिलं काम पाँटून सोडवून कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं तर तो फुटलाय, बाहेरून कितीही चकचकीत दिसू दे. आवाज नाही आला तरी दोन्ही वजन करून बघा, एक जड निघाला तर त्यात पाणी शिरलंय किंवा फोम भिजलाय. पाँटून हा या बोटीचा जीव आहे, कारण रोइंगची सिंगल बोट मुळातच अरुंद, तिला सरळ ठेवतात ती वल्ही आणि माणसाचं धड, आणि इथे धड तर बांधलेलं आहे. एका बाजूचा पाँटून निसटला की बोट त्या बाजूला आडवी व्हायला वेळ लागत नाही.

मग पाँटूनचा दांडा रिगरला, म्हणजे वल्हं धरणाऱ्या बोटीबाहेरच्या चौकटीला, जिथे बसतो तो क्लॅम्प बघा. तिथे ॲल्युमिनियमवर स्टीलचे बोल्ट असतात आणि वर्षानुवर्षं ओलाव्यात राहून पांढरी पावडर धरते, त्याखाली धातू खाल्लेला असतो. बोल्ट काढून, पुसून, आटे बघून परत लावा, झिजलेला वाटला तर बदला. रिगरच्या बहुतेक नटांना दहाचा पाना लागतो, तो एक दोरीने बांधून कायम जेटीवर ठेवा, कारण ढिला नट दिसला आणि पाना शेडमध्ये राहिला की माणूस "एक राउंड मारून येतो मग बघू" असंच म्हणतो. पाँटूनची उंचीही बघा. खेळाडू सीटवर सरळ बसलेला असताना दोन्ही पाँटून पाण्याला टेकलेले हवेत, आणि बोटीच्या मध्यरेषेपासून पाँटूनच्या मध्यरेषेपर्यंत किमान ६० सेंटिमीटर अंतर हवं. काही लोक स्पीड मिळावा म्हणून पाँटून वर उचलून ठेवतात, ते नवशिक्यांबरोबर अजिबात करू नका.

सीट आणि पाठीच्या टेकूला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा, म्हणजे अगदी तोडायलाच निघालोय असं हलवा. पूर्ण ताकदीने वल्हं ओढताना सगळा भार त्याच बोल्टांवर येतो. पुढच्या टोकाला पांढरा रबरी बॉल असतो तो शोभेचा नाही, टक्कर झाली तर ते टोक समोरच्याच्या अंगात घुसू नये म्हणून असतो, तो नसेल तर बोट शेडमध्येच राहू द्या.

आणि एक टेस्ट जी कोणीच करत नाही. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात बोट पूर्ण पाण्याने भरा आणि सीटवर खेळाडूच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवा. बोट बुडायला नको, आणि सीटचा वरचा भाग पाण्याखाली जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर गेला तर चालतो. पुढच्या मागच्या बंद कप्प्यांची झाकणं कडक झालेली असतात किंवा हरवलेली असतात, त्यामुळे बोट या टेस्टला नापास होते. झाकणं नवी घेता येतात. या टेस्टला दुपार जाईल, जाऊ द्या.

प्रश्न: माझी मणक्याची इंज्युरी टी ४ लेव्हलची (छातीच्या भागातला चौथा मणका) आहे. गेले काही दिवस जोरात वल्हवलं की डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, मानेला घाम फुटतो. उन्हामुळे असेल का? — वाचक, ठाणे

उत्तर: आधी डॉक्टरांना दाखवा, तोवर बोटीत बसू नका. हे मी काळजीने सांगतेय. टी ६ किंवा त्याच्या वरच्या इंज्युरीमध्ये ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया नावाचा प्रकार होऊ शकतो, त्यात ब्लड प्रेशर एकदम धोकादायक पातळीला जातं, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं त्याच्याशी जुळतात. इंज्युरीच्या खाली शरीराला काहीतरी टोचतंय, दाबतंय, भरलंय, पण ते मेंदूपर्यंत नीट पोचत नाही आणि शरीर प्रेशर वाढवून बसतं. सगळ्यात जास्त वेळा कारण असतं भरलेलं ब्लॅडर किंवा कॅथेटरची नळी दुमडलेली, आणि बोटीत नेमका मांडीचा पट्टा त्या नळीवरून जातो. घट्ट पट्टा, सीटखाली आलेलं बोल्टचं डोकं, बुटात दुमडलेलं बोट, यातलं काहीही चालतं त्याला.

झालं तर काय करायचं हे तुमच्यापेक्षा तुमच्या लाँचवाल्याला, म्हणजे सोबतच्या मोटरबोटीवरच्या माणसाला, पाठ हवं. आडवं करायचं नाही, बसतंच ठेवायचं, घट्ट आहे ते सैल करायचं, नळी आणि बॅग बघायची, आणि आराम पडला नाही तर थेट हॉस्पिटल. पण पाण्यात एक अडचण येते, छातीचा पट्टा सैल केला की तुमचा तोल जातो, म्हणून आधी लाँच बोटीला लागून उभी राहिली पाहिजे, एकाने खांदे धरले पाहिजेत, मगच पट्टा सोडायचा. बॅगेत एक कार्ड ठेवा ज्यावर इंज्युरीची लेव्हल आणि डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो असं लिहिलेलं असेल, कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक डॉक्टरच्या हे पटकन लक्षात येईलच असं नाही.

उन्हाचं म्हणाल तर ते वेगळं आणि तेही खरं आहे. इंज्युरीच्या खाली घाम नीट येत नाही त्यामुळे अंग थंड होत नाही. एप्रिल मेमध्ये सकाळी लवकर पाण्यात जा आणि लवकर बाहेर या, पाण्याचा स्प्रे जवळ ठेवा. आणि काळी कार्बनची सीट उन्हात तापते, संवेदना नसलेल्या कातडीला भाजतं आणि घरी गेल्यावर कळतं, तेव्हा बसायच्या आधी कोणीतरी हात लावून बघितलंच पाहिजे.

प्रश्न: मुलीला लाइफ जॅकेट घाल म्हटलं की कोच म्हणतात पट्ट्यात अडचण होते. आम्हाला हे पटत नाही. — आईबाबा, मुंबई

उत्तर: दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारी जॅकेट्स येतात ना, ती बांधलेल्या माणसासाठी धोक्याची ठरू शकतात. एक तर बोट उलटी झाली आणि ते फुगलं तर ते तुम्हाला वर ढकलणार, आणि वर बोटीचं बूड आहे, म्हणजे सुटायला खाली जायचं असताना जॅकेट वर दाबून धरतं. दुसरं म्हणजे फुगणारा भाग छातीच्या पट्ट्याखाली आला तर फुगल्यावर छाती आवळली जाते आणि पट्ट्यावर इतका ताण येतो की वेल्क्रो ओढायलाही जड जातं. म्हणून सुरुवातीला पातळ फोमचं, हाताची हालचाल मोकळी ठेवणारं जॅकेट, ज्याचा खालचा काठ छातीच्या पट्ट्याच्या वर संपतो आणि पट्ट्याचं टोक झाकत नाही, असं शोधा. फोम अंगावर असला तरी बोटीखालून बाहेर यायला थोडी जास्त ताकद लागते, म्हणून पूलमधली उलटायची टेस्ट त्याच जॅकेटमध्ये करायची. कोच "जॅकेट नको" म्हणत असतील तर मग सेफ्टी लाँच किती जवळ असते ते विचारा. माझ्या मते बांधलेल्या खेळाडूसाठी लाँच हाकेच्या अंतरावर हवी, लाँचमध्ये दोन माणसं हवीत, त्यातला एक पाण्यात उडी मारू शकणारा, आणि टोक बोथट असलेला पट्टा कापायचा हुक चाकू लाँचला बांधलेला हवा. माणसाजवळ पोचलं की इंजिन बंद, न्यूट्रल नाही, बंद. पाय हलवू न शकणारं माणूस इंजिनच्या पंख्यापासून स्वतःला लांब करू शकत नाही.

वर घेताना काठावरून खरवडत ओढू नका, पायाची कातडी सोलली तरी तिला कळणार नाही आणि ती जखम भरायला महिने जातात. शिडीचा काही उपयोग नाही. उतरता पुढचा भाग असलेली लाँच किंवा मजबूत कापडाची झोळी लागते, आणि हेही आधी करून बघायला लागतं.

प्रश्न: मी इथे न्यू जर्सीत पीआर २ मध्ये रो करतो, अनुभव भरपूर आहे. पहाटे एकट्याने जायला आवडतं, शांत असतं. क्लब नाही म्हणतो. अनुभवी माणसाला तरी सूट नको का? — वाचक, एडिसन

उत्तर: नको. ॲंजेला मॅडसन यांचं नाव तुम्हाला माहीत असेल. बीजिंगला २००८ मध्ये पॅरालिम्पिकमध्ये रोइंग पहिल्यांदा आलं तेव्हा त्या अमेरिकेकडून उतरल्या होत्या, २०१२ ला लंडनमध्ये गोळाफेकीत ब्राँझ, त्याआधी टीमबरोबर अटलांटिक आणि हिंदी महासागर वल्हवत पार केलेले. एप्रिल २०२० मध्ये त्या लॉस एंजेलिसहून होनोलुलूला एकट्या निघाल्या, वय ६० च्या आसपास. जूनमध्ये वादळ येणार म्हणून पॅराशूट अँकर (वादळात बोट स्थिर ठेवायला पाण्यात सोडतात तो पॅराशूट) बांधायच्या, बोटीच्या पुढच्या टोकाच्या कडीची दुरुस्ती करायला त्या पाण्यात उतरणार होत्या, त्यानंतर संपर्क तुटला, आणि शोध लागला तेव्हा त्या बोटीला दोरीने बांधलेल्या पण मृत अवस्थेत सापडल्या. त्यांच्याइतका अनुभव फार थोड्या लोकांकडे आहे. दोरीने त्यांना बोटीपासून लांब जाऊ दिलं नाही, पण पाण्यातून वर घ्यायला दुसरं माणूस नव्हतं.

तुमच्याकडे तर थंड पाण्याचाही मुद्दा आहे. मार्च एप्रिलमध्ये हवा छान झालेली असते आणि नदी बर्फासारखी गार असते, अशा पाण्यात पडलं की पहिल्यांदा श्वास फुलतो आणि थोड्याच वेळात बोटं ऐकेनाशी होतात, ज्या बोटांनी तुम्हाला मांडीचा पट्टा सोडायचाय. शांतता हवी असेल तर लाँचवाल्या मित्राला सांगा बोलू नकोस म्हणून, पण त्याला बरोबर न्या.

प्रश्न: गुडघ्याखाली पाय नाही, जयपूर फूट आहे. बोटीत पाय काढून बसू की घालून? — वाचक, सोलापूर

उत्तर: दोन्ही पद्धतीने लोक करतात, तुमच्या क्लासिफिकेशनमध्ये जे ठरेल त्याप्रमाणे. घालून बसणार असाल तर बोटीत बसवलेल्या बुटातून कृत्रिम पाय सहज निघतो का ते बघा. घोट्यात खऱ्या पायाइतका वाकत नसल्याने तो बुटात अडकू शकतो, मग बूट एक मापाने मोठा घ्या किंवा बोटं उघडी असणारा प्रकार वापरा. टाच वर उचलली जाऊ नये म्हणून बुटाला मागून दोरी असते, ती इतकीच लांब हवी की टाच ७ सेंटिमीटरच्या वर जाणार नाही, तरच बोट उलटल्यावर पाय आपोआप बाहेर येतो. ती दोरी तुटलेली बोट मी दर दुसऱ्या शेडमध्ये बघते आणि कोणालाही ती महत्त्वाची वाटत नाही. पावसाळ्यानंतर सगळ्या बदलून टाका, बुटाची नाडी चालते.

प्रश्न: घरी रोइंग मशीन घेतलंय, व्हीलचेअरवरून त्यावर बसताना दोनदा पडायला झालं. — वाचक, औरंगाबाद

उत्तर: सीट सरकते म्हणून. बसायच्या आधी सीटच्या पुढे आणि मागे रेलवर क्लॅम्प लावून ती पक्की करा, नुसती कोणीतरी हाताने धरून उपयोग नाही. मशीनचा मागचा पाय भिंतीला टेकवा, खाली रबरी मॅट टाका, व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावा आणि पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळवून ठेवा म्हणजे खुर्ची पुढे कलंडत नाही. सीटची उंची खुर्चीपेक्षा खूप कमी असेल तर मशीनखाली प्लायवूडचा रुंद, स्क्रूने जोडलेला प्लॅटफॉर्म करून घ्या, सुताराला माप द्यायच्या आधी गादी घातलेल्या व्हीलचेअरची उंची मोजा, रिकाम्या खुर्चीची नको. आणि पट्टा इथेही वेल्क्रोचाच.